उंच, निमुळतं आणि बारा महिने हिरवं: घराच्या कडेला कुठलं झाड लावायचं?

बंगला बांधून होतो, कंपाउंड उभं राहतं, सामान लागतं आणि मग एके दिवशी लक्षात येतं की शेजारच्या प्लॉटवर तीन मजली बिल्डिंग झालीये आणि तिच्या बाल्कन्या थेट आपल्या बेडरूममध्ये बघतायत. मग शोधाशोध सुरू होते, उंच जाईल पण पसरणार नाही, पानगळ होणार नाही, आणि लवकर वाढेल असं झाड कुठलं? लोक फोटो दाखवतात ते इटलीतल्या सायप्रसचे, सरळसोट, काळपट हिरवे. ते झाड आपल्याकडच्या दमट पावसाळ्याचं नाहीच. पण आपल्याकडे त्या कामाची झाडं आहेत आणि चांगली आहेत, फक्त नर्सरीत जायच्या आधी घरीच थोडी मापं घ्या, नाहीतर नर्सरीवाल्याकडे जे जास्त उभं आहे तेच तुमच्या गाडीत चढणार.

पहिलं माप रुंदीचं. कंपाउंडपासून घराच्या भिंतीपर्यंत टेप लावा, आणि ड्रेनेजचे चेंबर, पाण्याची अंडरग्राउंड टाकी, सेप्टिक टँक, पाइपलाइन कुठून गेलीये ते कागदावर काढा. खोड कंपाउंडपासून निदान 3 फूट आणि घराच्या जोत्यापासून 5-6 फूट लांब हवं, म्हणजे मार्जिन 8-9 फूट असेल तरच खरं झाड लावायचा विचार करा. 5 फुटांची पट्टी असेल तर झाडाचा नाद सोडा, तिथे बारीक जातीचा बांबू किंवा अरेका पाम जमेल, नाहीतर लोखंडी जाळीवर वेल चढवा. झाड आज कुंडीएवढं दिसतं म्हणून कोपऱ्यात घुसवायचं आणि दहा वर्षांनी कंपाउंडला तडा गेला की कुऱ्हाड शोधायची, हे खूप ठिकाणी होतं.

आता उंची. इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो, सगळ्यांना 40 फुटी झाड हवं असतं आणि गरज त्याच्या निम्मीपण नसते. एक सोपा प्रकार करा. घरात जिथून त्रास होतो तिथे, म्हणजे बेडवर किंवा डायनिंगच्या खुर्चीवर, तुम्ही स्वतः बसा, आणि घरातल्या कुणाला तरी लांब बांबूच्या टोकाला लाल फडकं बांधून झाड जिथे लावायचंय तिथे उभं करा. तो बांबू हळूहळू वर नेत जाईल, समोरची बाल्कनी फडक्याच्या मागे गेली की तुम्ही हाक मारायची, आणि जमिनीपासून फडक्यापर्यंतची उंची मोजायची. तेवढी उंची मिळाली की काम झालं. हिशोबाने बघायचं तर समोरची बाल्कनी 40 फूट लांब आणि 30 फूट उंचावर असेल, तुम्ही तळमजल्यावर बसलेले असताना डोळे जमिनीपासून 5 फुटांवर असतील आणि झाड खिडकीपासून 10 फुटांवर असेल, तर 11-12 फुटांचं झाड नजर अडवतं. पहिल्या मजल्यावरून डोळे 15 फुटांवर धरले तर 19-20 फूट लागतील. समोरचं आपल्यापेक्षा उंच असेल तर झाड आपल्या खिडकीच्या जितकं जवळ तितकी कमी उंची पुरते, हे बांबू धरून पाहिलं की लगेच पटतं.

दिशा पण बघून घ्या, कारण उन्हाचं गणित आपल्याकडे जरा वेगळं आहे. पुण्यात मेच्या मध्यावर शून्य सावली दिवस येतो, त्यानंतर जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेकडेच असतो. म्हणजे दक्षिणेला उंच झाडांची रांग लावून मेमधल्या भर दुपारी घर गार होईल असं समजू नका, त्या दिवसांत भाजते ती पश्चिमेची भिंत, दुपारी तीन ते सहा. उंच निमुळत्या झाडांची रांग पश्चिमेला लावली तर पडदा पण मिळतो आणि भिंत पण तापत नाही. दक्षिणेच्या कडेला लावत असाल तर डिसेंबरचा विचार करा, तेव्हा पुण्यात दुपारी बारालाही 30 फुटी झाडाची सावली साधारण 27 फूट उत्तरेकडे पडते. त्या सावलीत तुमचे सोलर पॅनल, सोलर वॉटर हीटर किंवा अंगणातलं तुळशीवृंदावन येतंय का ते आधीच बघा. आणि वर विजेच्या तारा असतील तर त्या पट्टीत उंच झाड नकोच, दरवर्षी शेंडा छाटून झाडाची कळा जाते.

आता झाडं. सगळ्यात आधी तोच तो, खोटा अशोक. आसुपालव म्हणा, नर्सरीत नुसतं अशोक म्हणून मिळतो. खाली लोंबणाऱ्या फांद्यांचा, लांब नागमोडी पानांचा, 4-6 फुटांच्या रुंदीत 30-40 फूट सरळ जाणारा. लोक त्याला नाकं मुरडतात कारण प्रत्येक शाळेच्या, हॉस्पिटलच्या गेटवर तो असतो, पण अरुंद जागेत इतक्या बिनतक्रार वाढणारं दुसरं झाड शोधून दाखवा. घेताना दोन गोष्टी बघा. एकतर याचाच एक पसरट प्रकार आहे, त्याच्या फांद्या आडव्या जातात आणि तो मोठं छत्र करतो, कडेच्या पट्टीला तो नको, लोंबत्या फांद्यांचाच घ्या. दुसरं म्हणजे सीता अशोक वेगळा, केशरी लाल फुलांचा, तो पसरतो आणि त्याला सावली, ओलावा लागतो, फार सुंदर झाड आहे पण या कामाचं नाही.

खोट्या अशोकाच्या कोवळ्या पानांवर हिरव्या अळ्या दिसल्या की लोक फवारणी करायला धावतात. थांबा. त्या बऱ्याचदा टेल्ड जे नावाच्या फुलपाखराच्या अळ्या असतात, काळ्या पंखांवर हिरवे ठिपके असलेलं ते चपळ फुलपाखरू, त्याचं हे घरचं झाड आहे. चार पानं खाल्ल्याने 20 फुटी झाडाला काही होत नाही आणि बागेत फुलपाखरं येतात. पावसाळ्यात फळं पिकली की रात्री वटवाघळं येतात आणि बिया टाकतात, तेव्हा झाडाखाली गाडी लावायची सवय असेल तर ती बदला. एक मोठी चूक माळी करतात, साफसफाई म्हणून खालच्या फांद्या उडवतात. पडदा म्हणून झाड लावलंय आणि खालचे 6 फूट उघडे, मग उपयोग काय? त्या फांद्या एकदा गेल्या की तिथे पुन्हा तशी गच्च पानं येत नाहीत. माळ्याला आधीच सांगून ठेवा, खालच्या फांदीला हात लावायचा नाही.

माझं मन मात्र कोकमावर आहे. रातांबा. कोकणात ज्यांचं घर आहे त्यांनी दुसरीकडे बघायचीसुद्धा गरज नाही. त्याचा आकारच मुळात शंकूसारखा, खाली झुकलेल्या फांद्या, गडद हिरवी चकचकीत पानं, वर लालसर कोवळी पालवी, आणि एप्रिल-मे मध्ये फळं, आगळ आणि सोलं घरची. सावलीत पण तग धरतो, म्हणजे दोन इमारतींच्या मधल्या पट्टीत चालतो. पण जरा जागा द्या, म्हातारा झाला की 15 फुटांपर्यंत पसरू शकतो, म्हणून 8 फुटांच्या बोळात नको, मागच्या अंगणाच्या कडेला लावा. आता कोकमातली खरी गोम. नर आणि मादी झाडं वेगळी असतात, बियांपासून केलेल्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात आणि त्यांना फळ नाही. म्हणून लोक कलम घेतात, दापोलीच्या कृषी विद्यापीठाची कोकण अमृता प्रसिद्ध आहे. पण कलम आडव्या फांदीच्या काडीवरून केलेलं असेल तर झाड सरळ वर जात नाही, झुडपासारखं पसरतं. उंच निमुळतं हवं असेल तर नर्सरीत स्पष्ट विचारा की काडी सरळ वर वाढणाऱ्या शेंड्याची होती का, आणि खात्री नसेल तर पडद्यापुरती बियांची रोपं लावा, त्यातलं एखादं मादी निघालं तर फळंही मिळतील. देशावर कोकम जगतं पण उन्हाळ्यात पाणी लागतं आणि कोरड्या गरम वाऱ्यात पानांच्या कडा करपतात. विदर्भ-मराठवाड्यात त्याचा हट्ट करू नका.

तिकडे पुत्रंजीव लावा. हे झाड फार कमी लोकांना माहीत आहे आणि त्याचं मला वाईट वाटतं. आपलं देशी झाड, बारमाही गर्द हिरवं, बारीक लोंबत्या फांद्या, ऊन सोसणारं, आणि छाटणी मुकाट्याने सहन करणारं, हवं तर भिंतीसारखं कापून घ्या. पूर्वी याच्या बियांच्या माळा लहान मुलांच्या गळ्यात घालायचे. वाढ सावकाश आहे, पहिली तीन-चार वर्षं काही हललंच नाही असं वाटतं. पण एकदा भरलं की तुम्ही हौसेने लावलेल्या कुठल्याही परदेशी झाडापेक्षा जास्त दिवस टिकेल. नर्सरीत लगेच मिळत नाही, वनविभागाच्या किंवा सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत विचारून बघा.

नागकेशर पण याच जातकुळीतलं, सावकाश पण देखणं. तरुणपणी एकदम नीट शंकू, नवी पालवी लाल-गुलाबी येते तेव्हा झाड पेटल्यासारखं दिसतं, पांढरी सुवासिक फुलं मधोमध पिवळ्या केसरांची. लाकूड इतकं जड आणि कठीण की वारा त्याचं काही करत नाही. घाई असेल तर हे झाड घेऊच नका. ज्यांना घर पुढच्या पिढीकडे द्यायचंय त्यांनी एक तरी लावावं असं मला मनापासून वाटतं.

सोनचाफा घ्यायचा तर बियांचं झाड उंच जातं पण फुलायला वर्षानुवर्षं लावतं, कलमी झाड एक-दोन वर्षांत फुलतं पण बुटकं आणि भरगच्च राहतं. म्हणजे पडद्याला बियांचा आणि देवाच्या फुलांना कलमी. पाणी साचणाऱ्या काळ्या जमिनीत मात्र दोन्हींची मुळं कुजतात, तिथे मातीचा उंचवटा करूनच लावा.

बांबू झाड नाही, गवत आहे, पण 5 फुटांच्या पट्टीत सगळ्यात कामाचा तोच. एक लक्षात ठेवा, बेटाने वाढणारा घ्यायचा, जमिनीखालून पळत सुटणारा नाही. मोनॅस्ट्री बांबू म्हणून मिळतो तो बारीक, सरळ, 20-25 फुटांचा चांगला. पिवळा बांबू फोटोत छान दिसतो पण तो मनगटापेक्षा जाड होतो आणि त्याचं बेट पसरतं, त्याला मोकळी जागा लागते. दर पावसाळ्याआधी तीन वर्षांवरच्या जुन्या काठ्या बुडापासून काढायच्या, नाहीतर आत वाळलेल्या काड्यांचा ढीग होतो. भारतीय वन कायद्यात 2017 साली जंगलाबाहेरच्या बांबूला झाडाच्या व्याख्येतून वगळलं, त्यामुळे त्याची तोड झाडाइतकी किचकट नाही. पानांचा कचरा मात्र रोज पडतो, शेजाऱ्याच्या टाकीवर पडणार असेल तर आधी त्यांच्याशी बोलून घ्या. अरेका पाम 15 फुटांपर्यंत चांगला पडदा करतो, कडक उन्हात पिवळा पडतो, अर्धवट सावली द्या. पोफळ म्हणजे सुपारी दिसायला सगळ्यात सडपातळ, पण पानं सगळी शेंड्यावर, खाली नुसता खांब, त्यामुळे नजर अडत नाही. शिवाय 3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरकडे आलं तेव्हा पोफळीच्या बागाच्या बागा आडव्या झाल्या, हे किनाऱ्यावरच्यांना सांगायला नको.

आता काय लावू नका ते. कोनोकार्पस कुणी कितीही स्वस्तात दिला, वर्षात भिंतीएवढा होतो असं सांगितलं, तरी नको. गुजरात सरकारने 2023 मध्ये त्याची लागवडच बंद केली, परागकणांनी होणारा त्रास आणि केबल, गटारांमध्ये घुसणारी मुळं ही कारणं. फायकसच्या जाती, पिंपळ-वडाच्या नात्यातल्या, ड्रेनेजजवळ अजिबात नकोत. सप्तपर्णी बारा महिने हिरवी असते पण प्रचंड होते, आणि तिच्या फुलांचा उग्र वास ऑक्टोबरनंतर बऱ्याच जणांना सोसत नाही. सिल्व्हर ओक पाचगणीच्या थंडीत शोभतो, घराला लागून नको, फांद्या कडकन मोडतात. सुरू समुद्राकाठच्या मोकळ्या जागेत ठीक. ख्रिसमस ट्री म्हणून कुंडीत मिळतं ते कुक पाइन बऱ्याचदा असतं, ते जमिनीत लावलं की 60 फुटांच्या वर जातं आणि गंमत म्हणजे जगभर विषुववृत्ताच्या दिशेने कलतं, आपल्याकडे म्हणजे दक्षिणेला. दक्षिणेला तुमचं घर असेल तर विचार करा. मोरपंखी 8-10 फुटांपर्यंत गोड दिसते, पण आतून एकदा तपकिरी पडली की त्या भागात पुन्हा हिरवं येत नाही.

या बाबतीत एवढं काटेकोर का व्हायचं, तर चुकीचं झाड नंतर सहज काढता येत नाही. शहरांमध्ये 1975 चा वृक्ष संरक्षण कायदा आहे, झाड स्वतःच्या आवारात असलं तरी तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, मोठी छाटणी करायची तरी आधी पालिकेच्या उद्यान विभागात अर्ज करावा. म्हणून विचार लावायच्या आधीच करायचा.

नर्सरीत गेल्यावर 10 फुटी, काठीला बांधलेलं, दोऱ्यासारखं रोप बघून हरखून जाऊ नका. 4-5 फुटांचं, काठी सोडली तरी स्वतःच्या खोडावर उभं राहणारं, बुडापासून पानं असलेलं रोप घ्या, ते दोन-तीन वर्षांत त्या उंच रोपाला मागे टाकतं. पिशवी उलटी करून तळ बघा, मुळं गोल गोल फिरून दोरखंड झाला असेल तर ठेवून द्या. आपल्याकडच्या पुष्कळ नर्सऱ्यांमध्ये, अगदी पुण्याजवळच्या उरळी कांचनच्या पट्ट्यातसुद्धा, आंध्रातल्या राजमुंद्रीजवळच्या कडियमहून माल येतो. त्या रोपांना लाल चिकणमातीचा घट्ट गोळा असतो. तो तसाच आपल्या मुरमात पुरला की बाहेरची माती ओली आणि गोळा आतून कोरडा, रोप महिनाभर हिरवं राहतं आणि मग अचानक वाळतं. त्यामुळे लावायच्या आधी गोळा पाण्याच्या घमेल्यात तासभर भिजवा आणि बाहेरचा इंचभर थर बोटांनी हलकेच सोडवा, बारीक मुळं बाहेर डोकावायला लागली की पुरे.

खड्डा 2 फूट लांब, रुंद, खोल, आणि मुरूम किंवा कातळ असेल तर तळ पहारीने फोडा, नाहीतर पावसात तो खड्डा बादली होतो. निघालेल्या मातीतच तिसरा हिस्सा कुजलेलं शेणखत आणि दोन-तीन मुठी निंबोळी पेंड, वाळवीचा त्रास असेल तर पेंड नक्की. पिशवीत माती खोडाच्या ज्या रेषेपर्यंत होती तिथपर्यंतच जमिनीत ठेवा, त्याच्या वर माती चढवू नका, खोड कुजतं. काळी जमीन असेल तर रोप आजूबाजूच्या पातळीपेक्षा वीतभर उंचावर लावा. देशावर पहिले एक-दोन चांगले पाऊस झाले की जूनअखेर लावा, कोकणात धो-धो पावसाच्या आधी किंवा जोर ओसरल्यावर. दोन झाडांत अंतर खोट्या अशोकाला 4-5 फूट, पुत्रंजीवाला 6-7, कोकम आणि नागकेशराला 10. लगेच पडदा हवा म्हणून 2-2 फुटांवर लावलेली झाडं एकमेकांचा उजेड खातात आणि खालून बोडकी होतात. मध्ये मोकळं दिसतं त्या दोन-तीन वर्षांसाठी कण्हेर किंवा तगर घाला, नंतर काढून टाका. आणि ट्रॅफिकचा आवाज एका रांगेने फारसा कमी होणार नाही, धूळ आणि नजर अडेल, तेवढीच अपेक्षा ठेवा.

दोन्ही बाजूंनी बांबू रोवून सुतळीने आठच्या आकारात सैल बांधा, खोड वाऱ्यात थोडं हललं पाहिजे, त्यानेच ते जाड होतं. आळं खोडाला चिकटून न करता दीड-दोन फूट रुंद करा आणि त्यात पालापाचोळा टाका, खोडापासून चार बोटं लांब. पहिला उन्हाळा सगळे पाणी घालतात, दुसऱ्या उन्हाळ्यात विसरतात आणि झाडं बहुतेक तेव्हाच जातात. रोज मगभर पाणी घालण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा आळं भरून द्या, म्हणजे मुळं खाली जातील, तिसऱ्या वर्षापासून आठवड्याला एकदा पुरेल. शेंडा पहिली पाच-सात वर्षं कापू नका, खोट्या अशोकाचा तर कधीच नको, शेंडा कापला की दोन-तीन शेंडे फुटतात आणि ते जोड पुढे वादळात फाटतात. उंची जास्त होतेय असं वाटलं तर पुन्हा तो लाल फडक्याचा बांबू काढून बघा, बहुतेक वेळा झाड बरोबर तेवढंच असतं जेवढं हवं होतं.